सहावे बूच

ही गोष्ट माझ्या मामांची आहे आणि ती खरी आहे. मामांनी ती मला सांगितली तेव्हा एकदाही आवाज चढवला नाही, आणि मामींनी मधे तोंड घालून त्यातले एकही वाक्य दुरुस्त केले नाही. त्या दोघांच्या संसारात असे पूर्वी कधी घडलेले मला आठवत नाही.

तुम्ही रात्र होण्याची वाट पाहत असाल तर ती पाहू नका. जे घडले ते सकाळी सव्वासहा ते दुपारी दीडच्या दरम्यान घडले.

लख्ख उजेडात.

मामांचे सारे आयुष्य वजनकाटे दुरुस्त करण्यात गेले. दुकानातले, गोदामातले, दवाखान्यातले. बाजारात त्यांना सगळे काटेमास्तर म्हणत. निवृत्त झाल्यावर त्यांनी घर विकले आणि शिडाची एक जुनी लाकडी बोट घेतली. वीस पावले लांब, चार पावले रुंद. बंदराच्या शेवटच्या धक्क्याला बांधलेल्या त्या बोटीत राहायचे आणि हवा बरी असली की शीड उभारून फिरून यायचे, हे त्यांचे तीस वर्षांचे स्वप्न होते.

मामींचे ते स्वप्न नव्हते. मामी शिवणकाम करत. त्यांनी मशीन बोटीत आणू देण्याची अट घातली, आणि शिवाय आणखी एक.

"अहो, येते मी तुमच्याबरोबर. पण एकदा जरी जिवावर बेतलं, तर त्याच दिवशी खाली उतरायचं. कायमचं. तिथे 'अगं, ऐक तर' चालणार नाही."

"बरं."

"बरं नाही. हो म्हणा."

"हो."

त्यांची रोजची सकाळ अशी असे. सव्वासहाला मामा उठत. डोके वरच्या तुळईला आपटू नये म्हणून आधी डावे कोपर टेकवत, मग मान वळवत, मग उठून बसत. गॅसचा सिलिंडर उघडून चहाचे आधण ठेवत. ते उकळेपर्यंत जमिनीची मधली फळी उचलून हातपंपाचा दांडा हलवायला घेत. लाकडी बोट रोज थोडे पाणी पितेच, ते तळाशी साचते. दांडा बारा वेळा हलवला की तळ कोरडा होई. अकराव्या वेळी पाणी येई, बाराव्या वेळी हवा.

मग ते बुचे मोजत.

बोटीच्या पोटाला पाच भोके होती. एक मोरीचे, दोन संडासाची, एक इंजिनाचे, एक वरचे पाणी वाहून जायचे. प्रत्येकाला नळी आणि कॉक. आणि प्रत्येकाशेजारी दोऱ्याने लटकवलेले, निमुळते, लाकडी बूच. नळी फुटलीच तर ते बूच भोकात घालायचे आणि हातोडीने ठोकायचे, एवढ्यासाठी. पाचही बुचे मामांनी स्वतः तासली होती. दोरा मामींचा होता, शिडे शिवायचा, मेण लावलेला. गाठ मामांची होती. दोन फास आणि शेपूट आत खोचलेले. तशी गाठ त्या बंदरात दुसरे कोणी मारत नसे, कारण सुटता सुटत नाही म्हणून सगळे तिला शिव्या घालत.

मोजून झाले की मामा खालूनच ओरडत, "बारा!"

वरून मामी रोज तेच म्हणत, "आपले वाजू देऊ नका म्हणजे झालं."

सात महिने हे असे चालले. तोवर मामांचा उत्साह बराच झिजला होता, हे मान्य करायला हवे. सदऱ्यांना बुरशी लागली. काडेपेट्या सादळल्या. बॅटरी नको त्या वेळी मान टाकी. एकदा वाऱ्यात दोर घासून तुटला आणि बोट शेजारच्याच्या बोटीवर जाऊन आदळली. तो शेजारी अजून बोलत नाही. घरात नळ गळला तर बादली ठेवून झोपता येते. इथे नळ गळला तर घरच जाते. मामा हे स्वतःशी पुटपुटत आणि दुरुस्त करत राहत. एक गोष्ट सुधारली की दुसरी बिघडे. जन्मभर काटे शून्यावर आणणाऱ्या माणसाला एक दिवसही शून्य मिळेना.

त्या मंगळवारी बारा वेळा दांडा हलवूनही पाणी येतच राहिले…

चौदा.

पंधराव्या वेळी पंप अडकला. मामा करवादले. नळी सोडली, गाळणी काढली. गाळणीत लाकडाचा कीस होता. कोवळा, फिकट, वळ्या पडलेला. आत्ताच कुणीतरी काढल्यासारखा.

'सुताराने घाण टाकली असणार,' ते म्हणाले. सुतार डोलकाठीच्या कामाला येऊन तीन महिने झाले होते, हे त्यांच्या लक्षात होते. पण चिडलेल्या माणसाला कुणीतरी लागते.

मग त्यांनी बुचे मोजली.

एक. दोन. तीन. चार. पाच…

सहा.

सहावे बूच डाव्या अंगाला, मामींच्या मशीनच्या बाकाखाली लटकत होते. तिथे नळी नव्हती. कॉक नव्हता. भोकच नव्हते. अखंड फळी, आणि तिच्यासमोर खिळ्याला टांगलेले बूच.

"अगं, हे काय इथे?"

मामी खाली वाकल्या. "मला काय विचारता? बुचांचं खातं तुमचं."

"दोरा तुझा आहे."

"आणि गाठ कुणाची आहे?"

मामांनी गाठ पाहिली. दोन फास. शेपूट आत खोचलेले.

"मला आठवत नाही," ते म्हणाले.

"तुम्हाला परवा चष्मा डोक्यावर आहे ते आठवत नव्हतं. त्याचा मी गवगवा केला नाही."

मामांनी दोरा कापला, बूच धक्क्यावरच्या कचरापेटीत टाकले आणि वर येऊन सांगितले, "बारा." चौदा म्हटले असते तर मामींनी शिलाई थांबवून शंभर प्रश्न विचारले असते. अटीची आठवण करून दिली असती. दोन आकड्यांसाठी कुठे एवढा वाद, असा त्यांनी हिशोब केला.

बुधवारी सकाळी बूच परत तिथेच होते.

त्याच खिळ्याला. तीच गाठ. नवा दोरा.

"तुला मस्करी सुचतेय?" मामा खरोखरच संतापले.

"मला सोळा ताडपत्र्या द्यायच्यात शुक्रवारपर्यंत. मला मस्करी सुचायला वेळ कुठे आहे?"

मामांनी करवत काढली. बूच गुडघ्यात धरले आणि कापायला घेतले. अर्ध्यावर आले तेव्हा मामींनी हात धरला. "अहो, राहू द्या. सुतारदादांना दाखवा तरी. त्यांनीच कधी टांगलं असेल."

मामांनी हात सोडवून घेतला, धक्क्याच्या टोकापर्यंत तरातरा चालत गेले आणि ते अर्धवट कापलेले बूच भर पाण्यात भिरकावले. ते तरंगत दूर गेलेले त्यांनी उभे राहून पाहिले.

नंतर सुतार भेटला तेव्हा त्यांनी विषय काढलाच. सुतार पोट धरून हसला. "भोकाविना बूच! काटेमास्तर, अहो लोक माझ्याकडे उलटी तक्रार घेऊन येतात!"

"तू टांगलं नाहीस ना?"

"मी टांगलं असतं तर मजुरी घेतली असती की."

पुढचे दोन दिवस बूच आले नाही. मामांना वाटले, सुटलो.

पण पंपाचे आकडे चढत होते. सोळा. सतरा. गाळणीत रोज चिमूटभर कीस. मामांनी पाचही कॉक उघडून पुसून पाहिले. नळ्यांचे सांधे कोरडे होते. पाणी येत होते आणि येण्याला जागा नव्हती. ते हातापायांवर रांगले, गुडघे फोडून घेतले, बॅटरीचा दिवा दातात धरून तासन्‌तास तळ न्याहाळला.

आणि रोज वर येऊन म्हणाले, "बारा."

दुपारी मामींचे मशीन चालू असले की खालून ठोके ऐकू येत. बारीक. एका लयीत.

"मशीनचा पाय सैल झालाय वाटतं," मामी म्हणाल्या आणि पाय थांबवला.

ठोके थांबले.

पुन्हा मशीन सुरू केले…

ठक. ठक. ठक.

मामांनी मशीनच्या पायाखाली रबर घातले. ठोके तसेच राहिले. त्यांनी रबराला शिवी दिली.

शनिवारी सकाळी आकडा एकोणीस झाला.

मामा पंपापाशी बराच वेळ बसून राहिले. आज सांगावे, असे त्यांना वाटले. तोंड उघडलेही. वर मामी गुणगुणत मशीनला तेल घालत होत्या.

"किती?" त्यांनी विचारले.

"बारा!"

"आपले वाजू देऊ नका म्हणजे झालं."

त्या दुपारी मामा सुताराकडे गेले. हातोडीचा दांडा सैल झाला होता, तो बसवून घ्यायचा होता, आणि मामींना न कळवता त्याला बोलावून तळ दाखवायचा होता. हातोडी पिशवीत होती. बोटीवर दुसरी हातोडी नव्हती. हे मामांनी मला तीनदा सांगितले, म्हणून मीही सांगतो.

सव्वा वाजता ते परत आले. बोट बांधलेल्या दोरांवर जरा जड झुकल्यासारखी वाटली. ते मागच्या शिडीने आत उतरले.

मामी मशीनपाशी बसल्या होत्या. मशीन बंद होते. हात मांडीवर. पावले पाण्यात. जमिनीच्या फळ्यांवर बोटभर पाणी होते…

त्यांनी मामांकडे पाहिले, मग पुढच्या दाराकडे, मग पुन्हा मामांकडे.

"अहो, तुम्ही कधी आलात?"

"आत्ता."

"आत्ता म्हणजे?"

"आत्ता म्हणजे आत्ता. हे पाणी कसलं?"

मामींचा आवाज अगदी खाली आला. "मग मघाशी खाली कोण ठोकत होतं?"

झाले होते ते असे. मामी शिवत होत्या. पाय गार लागले म्हणून त्यांनी खाली पाहिले तर पाणी फळ्यांवर आलेले. उठणार तोच बाकाखालून ठोके आले. नेहमीचे बारीक ठोके नव्हेत. हातोडीचे. तीन, भरदार. त्यांना वाटले, मामा पुढच्या दाराने येऊन खाली शिरले आहेत.

"मी हाक मारली. 'अहो, आलात का? पाणी चढलंय.' तुम्ही बोलला नाहीत. म्हटलं, नेहमीसारखे वैतागला असाल. पाणी मात्र वाढायचं थांबलं. म्हणून मी विचारलं, 'किती?'"

"मग?"

"तुम्ही सांगितलंत."

"काय सांगितलं?"

"एकोणीस."

मामांची नजर पंपाकडे गेली.

"तुमच्याच आवाजात, हो. अगदी थकलेला आवाज. 'एकोणीस.' मला कसंतरीच झालं. तुम्ही कधी बारा सोडून काही म्हणत नाही. मग वीस मिनिटं मी इथेच बसले, तुम्ही बाहेर याल म्हणून. तुम्ही आलाच नाहीत."

एकोणीस हा आकडा मामांनी कुणालाही सांगितला नव्हता. कुठे लिहिला नव्हता. आणि तो त्या सकाळचाच होता.

त्यांनी बाक हलवला. फळी उचलली. हात पाण्यात घातला.

जिथे अखंड फळी होती तिथे आता भोक होते. गोल. आणि त्यात बूच ठोकलेले होते, पक्के, काठाने थेंबथेंब पाझरणारे. मामांची बोटे बुचाच्या डोक्यावरून फिरली, आणि मध्यावर अडखळली.

करवतीची खाच. अर्ध्यापर्यंत.

त्यांनी पिशवी उघडून पाहिली. हातोडी आत होती. कोरडी.

पंप पाऊण तास चालला. दोघांपैकी कुणीही आकडा मोजला नाही.

सोमवारी बोट दुरुस्तीच्या आवारात वर काढली. सुताराने ती फळी कापून काढली आणि उन्हात उलटसुलट करून पाहिली. हसला नाही.

"काटेमास्तर, ही कीड नाही. हे कुजणंही नाही. हे गिरमिटाने पाडलंय. थोडंथोडं, रोज. आणि आतून."

"आतून?"

"कीस आत पडलाय की. गिरमिट आहे का तुमच्याकडे?"

"आहे," मामा म्हणाले. मग आठवले. "म्हणजे होतं. डोलकाठीच्या वेळी तूच मागून नेलंस. दिलं नाहीस अजून."

सुताराने वळून भिंतीकडे पाहिले. मामांचे गिरमिट तिथे खिळ्याला टांगले होते. वर तीन महिन्यांची धूळ.

सुतार पुन्हा फळीकडे वळला.

"मला एक कळत नाही," शेवटी सुतार म्हणाला. "बूच भोकात चपखल बसलंय. केसाचा फरक नाही. तुम्ही म्हणता, बूच आधी आलं."

"हो."

"मग भोक त्याच्या मापाने पाडलं म्हणायचं."

आवारातल्या खोलीत त्या संध्याकाळी मामा-मामींचे कडाक्याचे भांडण झाले. मामी म्हणाल्या, शब्द दिला होता, आता उतरा. मामा म्हणाले, बुडालो का? नाही ना? बूच होतेच की. हे बोलताना आपण कसला आधार घेत आहोत ते त्यांचे त्यांनाच कळले, पण माघार घ्यायची सवय नव्हती. तीस वर्षांचे स्वप्न एका भोकासाठी सोडायचे? फळी नवी बसेल. विषय संपेल.

मामींनी हातातले कापड खाली ठेवले.

"मला भोकाची भीती वाटली नाही," त्या म्हणाल्या. "मी पाच दिवस बुडत्या बोटीत बसून ताडपत्र्या शिवत होते, आणि माझा नवरा रोज सकाळी मला बारा सांगत होता. खरा आकडा मला कुणी सांगितला? जो कोण होता त्याने."

मामा खाटेच्या कडेला बसले.

"आणखी एकदा येते," मामी म्हणाल्या. "पण यापुढे विचारीन 'किती', तेव्हा जे असेल तेच सांगायचं."

बोट पुन्हा पाण्यात उतरली. नवी फळी घट्ट होती. पहिल्या सकाळी तेरा, मग लाकूड फुगल्यावर बारा. बारा. बारा. गाळणी स्वच्छ. मशीन चालू असताना खालून काही येत नव्हते. मामा म्हणतात, त्या आठ दिवसांत त्यांनी जेवढे काळजीपूर्वक मोजले तेवढे जन्मभर कुठल्या काट्यावर मोजले नव्हते.

नवव्या दिवशी सकाळी सव्वासहाला ते उठले. डावे कोपर टेकवले. आधण ठेवले. दांडा हलवला. अकराव्या वेळी पाणी, बाराव्या वेळी हवा.

बारा. अगदी खरे बारा.

त्यांना हसू आले. सवयीने ते बुचे मोजायला लागले.

एक. दोन. तीन. चार. पाच…

सहावे मधोमध होते. बोटीच्या कण्याशी, सगळ्यात खोल जागी, जिथे दोघांच्या झोपायच्या बाकांचे पाय एकमेकांना भिडतात. आधी त्यांना ते बूच वाटलेच नाही. वाटले, कुणी लाकडाचा ओंडका ठेवला आहे.

ते बादलीच्या तोंडाएवढे होते.

नीट तासलेले. निमुळते. मेणाच्या दोऱ्याचे आठ पदर करून टांगलेले. वर दोन फास, शेपूट आत खोचलेले. आजूबाजूची फळी अखंड होती, कोरडी होती. मामांनी तिच्यावर तळहात ठेवला. लाकूड गार लागले. एवढ्या बुचाला लागणारे भोक केवढे असेल, ते मोजायला त्यांना काटा लागला नाही.

वर मशीनवरचे कापड सरकल्याचा आवाज झाला.

"किती?" मामींनी विचारले.

मामा खाली बसून राहिले. बारा म्हटले असते तर ते खोटे ठरले नसते.

"किती हो?"

"पिशव्या काढ," मामा म्हणाले.

मामींनी का म्हणून विचारले नाही. चहा झाला, दोघांनी उभ्याउभ्या घेतला. कपडे दोन पिशव्यांत मावले. मशीन दोघांनी मिळून धक्क्यावर चढवले. साडेदहाला मामा आवारात गेले आणि त्याच दुपारी बोट वर काढवून कोरड्या जमिनीवर, ठोकळ्यांच्या आधाराने उभी केली. सुताराने कारण विचारले तेव्हा म्हणाले, "वय झालं." विकायची का, असे त्याने विचारले, तर नुसती मान हलवली. काय सांगून विकणार?

आज ते दोघे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहतात. मी जातो तेव्हा सगळे ठीक दिसते. फक्त मामी शिवत असल्या की मामा अधूनमधून हात वर करतात. मामी पाय थांबवतात. दोघेही थोडे ऐकतात. मग मामी पुन्हा शिवायला लागतात. मी विचारले नाही आणि ते सांगत नाहीत.

बोट अजून आवारात उभी आहे. तिच्या पोटाला त्या जागी भोक पडले की नाही, हे पाहायला मामा पुन्हा गेलेले नाहीत. मीही गेलेलो नाही. जाणारही नाही.

निघण्याआधी शेवटचे एकदा ते आत उतरले होते. त्यांनी पाचही कॉक बंद केले. सहाव्या बुचाचा दोरा कापला नाही, गाठीला हात लावला नाही.

पिशवीतून नव्या दांड्याची हातोडी काढली, बुचाशेजारी नीट ठेवली आणि फळी बंद केली.